लोहाराचे डोळे

ऐन कापणीच्या तोंडावर लोहाराचे विळे तुटायला लागले. पहिल्या दिवशी पात्याला बारीक खाच पडायची, दुसऱ्या दिवशी नखाएवढा तुकडा जायचा, आणि एखाद्या विळ्याचं तर टोकच गायब व्हायचं. शिवारात पीक वाळून कडकडीत झालेलं. वारा असा सुटलेला की कणसातला दाणा हात न लावता गळत होता. अशा वेळी विळा बोथट झाला तर माणूस दगडावर घासून घेतो. तुटला तर आधी शिवी देतो आणि मग संशय घेतो.

संशय घ्यायला पहिला आला तो मुकादम. कापणीची टोळी त्याची, आणि टोळीचे सगळे विळे या एकाच भट्टीचे. त्याने तुटक्या विळ्यांचं पोतं अंगणात उपडं केलं.

"काका, हे लोखंड आहे की कौल?"

लोहाराने खाली वाकून एक पातं उचललं. अंगठ्याने धार चाचपली, तुटल्या जागेवरून नख फिरवलं. "भंगारवाल्याने फसवलं," तो म्हणाला. "गाडीच्या कमानीची पट्टी म्हणून भलतंच गळ्यात मारलं."

"भंगारवाल्याकडूनच येतोय. तो म्हणतो पट्टी तीच, कोळसा बघा."

"मग कोळसेवाला."

"तो म्हणतो, लोहाराचा हात बघा."

लोहाराचा मुलगा घणावर रेलून उभा होता. त्याने मान खाली घातली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मुकादम म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते सरळ वाचता येत होतं.

"खालच्या शिवारापुरते मी उसने विळे आणलेत," तो म्हणाला. "वरचं शिवार कापायला घेतो तेव्हा मला तुमचे हवेत, धड असलेले. नाहीतर शहरातून कारखान्याचे आणतो. आणि एकदा का ते आणले काका, मग माणसं पुन्हा इकडे फिरकत नाहीत. तुम्हालाही ठाऊक आहे."

लोहाराला ठाऊक होतं. शेजारच्या गावातली भट्टी अशीच विझली होती. तिथला लोहार आता दुसऱ्यांच्या दुकानापुढे बसून नुसती धार लावून देत असे.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा लोहाराची बायको भात्यावर बसली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या दांडीशी बसलेली, त्यामुळे लोक तिला भात्याचाच एक भाग समजत. दांडी ओढली की कुरकुरायची, सोडली की गप्प व्हायची. म्हातारी मात्र दांडीपेक्षाही कमी बोलत असे.

या घरात आणखी एक माणूस होतं, आणि गावाचा खरा संशय तिच्यावर होता. ती लोहाराची सून. डोळ्यांच्या दवाखान्यात तिला काम होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, अक्षरांचा तक्ता आणि थेंबांची बाटली. वाड्यावस्त्यांवर पायी फिरायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायचं, मोतीबिंदू असला तर समजूत घालून दवाखान्याच्या गाडीत बसवायचं आणि ऑपरेशन झालं की घरी आणून सोडायचं. लोक तिला बॅटरीवाली म्हणत. समोर ताई म्हणत.

तिला माणशी काहीतरी मिळतं, असं बायका म्हणायच्या. गरिबांच्या डोळ्यांवर शिकाऊ डॉक्टर हात साफ करतात, असं पुरुष म्हणायचे. आणि या सगळ्याला पुरावा म्हणून गावात नेमबाज होता. एक डोळा कायमचा मिटलेला, म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. फार पूर्वी शाळेच्या वर्गात कसलंसं शिबिर भरलं होतं, तिथे त्याचा डोळा गेला. तो रोज भट्टीच्या सावलीत येऊन बसायचा आणि विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही ती गोष्ट सांगायचा. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तर तोंडच जळून गेलेलं. सून त्याच्याशी वाद घालत नसे, कारण तो खोटं बोलत नव्हता.

आता नेमबाजाला नवा विषय मिळाला.

"का गं ताई," तो म्हणाला, "गावभर बॅटरी मारतेस. घरात सासऱ्याला काही दिसतं की नाही, ते बघितलंस का? का दिव्याखाली अंधार?"

सुनेने ते बघायचा प्रयत्न कितीदा तरी केला होता. लोहार माणसं ओळखायचा ती पावलांवरून. चहाचा पेला घ्यायला हात पुढे करायचा तो जरा बाजूला. पण तिने बॅटरी काढली की तो तोंड भट्टीकडे फिरवायचा. "मला दिसतं," म्हणायचा. "तू बाहेरचं बघ."

आणि तिचाही संशय तिथेच अडायचा, कारण लोहाराचं काम चाललेलं ती रोज बघत होती. विळा घडवणं हे हाताचं काम असतं, पण त्याला पाणी देणं हे डोळ्याचं. लाल पातं पाण्यात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं. मग ते विटेवर घासून चकचकीत करायचं आणि निखाऱ्यांवर हलक्या आचेला धरायचं. पात्यावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळ्याचा निळा व्हायला लागला की त्याच क्षणी पाण्यात. आधी बुडवलं तर पातं तुटतं, उशीर झाला तर वाकतं. आंधळा माणूस हा क्षण कसा धरेल? आणि लोहार तर तो बरोबर धरत आला होता. या मोसमापर्यंत तरी.

म्हणून तिला दुसराही संशय यायचा. आपल्याला कामाचं वेड लागलंय आणि जिथे तिथे मोतीबिंदू दिसायला लागलाय, असा.

मुकादम येऊन गेल्यावर लोहाराने नव्या विळ्यांना हात घातला. त्याच सकाळी म्हातारीच्या कमरेत उसण भरली. उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली.

"आज भात्यावर ही बसेल," मुलगा बायकोकडे बोट करून म्हणाला.

"नको. मी येते," म्हातारी म्हणाली. पुन्हा उठायला गेली, पुन्हा बसली. तिच्या कपाळावर घाम आला.

"पडून राहा आई. भाता ओढायला काय अक्कल लागते?"

सून भात्यावर बसली. लोहाराने पट्टी निखाऱ्यांत सारली. ती दांडी ओढत राहिली. भट्टी फुलली, पट्टी लाल झाली, नारिंगी झाली, पिवळी झाली. लोहार सांडशी धरून उभा. सून ओढतेय, तो उभा. पट्टी पांढरी पडली आणि एकाएकी तिच्यातून ठिणग्यांचं कारंजं उडालं. लोखंड जळालं होतं.

लोहाराने तो चुरचुर आवाज ऐकून सांडशी मागे ओढली. "भाता का नाही थांबवलास?" तो ओरडला.

"मी? मी कधी थांबवायचा होता, मामा?"

 लोहाराचं तोंड भट्टीकडे नव्हतंच. त्याचा कान भात्याच्या बाजूला होता, मान किंचित कललेली. मग त्याने सावरून घेतलं. "धूर फार झाला म्हणून म्हणालो."

"तुला साधा भाता ओढता येत नाही," मुलगा बायकोवर खेकसला. "चांगल्या पट्टीची राख केलीस."

नेमबाज सावलीत बसून हसला. सुनेने ते सगळं गिळलं, हात झटकले आणि आत गेली.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ठिणग्यांचा आवाज तिनेही ऐकला होता.

"आत्या," सून हळू आवाजात म्हणाली, "मामांना दिसत नाही."

"दिसतं."

"भाता थांबला की ते लोखंड काढतात. तो थांबवता तुम्ही."

म्हातारीने दाराकडे कान लावला. मग म्हणाली, "दार लोटून घे."

सुनेने दार लोटलं.

"त्यांना थोडं दिसतं. अगदीच नाही असं नाही. रंग तेवढा कळत नाही. मी दांडी सोडते, ते काढतात. आमचं कधी बोलणं झालं नाही यावर. एकदा मी सोडली, त्यांनी काढलं. मग तसंच चालत आलं."

"कधीपासून?"

"तू या घरात यायच्या आधीपासून."

 गावभर आंधळे शोधत सून उन्हातान्हात फिरत होती, आणि घरातला माणूस रोज तिच्यादेखत ऐरणीवर हातोडा मारत होता. तिला स्वतःचा राग आला, आणि या दोघांचाही.

"मग आत्ताच पाती का तुटायला लागली?" तिने विचारलं.

म्हातारी कण्हत तिच्याकडे कुशीवर वळली. सुनेने पिशवीतून बॅटरी काढली. नवऱ्यासारखं म्हातारीने तोंड फिरवलं नाही, नुसते डोळे उघडे ठेवले. दोन्ही बाहुल्या गढूळ झालेल्या होत्या, उजवी जास्त.

"आत्या, तुम्हाला आता सगळं पिवळटच दिसत असणार. पात्यावर रंग चढायच्या आधीच चढल्यासारखा वाटत असणार. तुम्ही दांडी लवकर सोडताय."

"म्हणजे मीच मोडले ते विळे," म्हातारी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने डोक्यावरच्या फडक्याने पुसलं. "मला वाटलं, निदान हे तरी मला नीट जमतंय."

गाडी पुढच्याच आठवड्यात येणार होती. सून म्हणाली, दोघंही चला. म्हातारी ऐकेना. आधी मी एकटी, म्हणाली. बिघडलं तर माझं बिघडू दे. आणि एक अट घातली. यांच्या डोळ्यांबद्दल कुठे अक्षर काढायचं नाही, तुझ्या नवऱ्यापाशीही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आंधळ्या लोहाराकडे विळा कोण टाकेल? सुनेने कबूल केलं, आणि ते तिला महागात पडलं.

"आईला नेतेस?" नवरा म्हणाला. "आईला डोळ्यांचं काय काम? भाताच तर ओढायचा आहे. विळे इकडे तुटतायत, बाबांची नजर कमी झाली असेल म्हणावं तर त्यांना हात लावत नाहीस. काय चाललंय तुझं?"

"त्यांना न्यायला ते तयार नाहीत," एवढंच ती म्हणाली.

पाणवठ्यावर बायकांचं ठरून गेलं. कमावता हात शाबूत ठेवायचा आणि प्रयोग सासूवर करून बघायचा. एका बाईने तिच्या तोंडावर विचारलं, "सासू आंधळी झाली तर तिला सांभाळायचे पण मिळतात का गं वेगळे?" सुनेने घागर उचलली आणि चालू लागली. 

 नवा कोळसा येईपर्यंत काम बंद, असं लोहाराने सगळ्यांना सांगितलं आणि थंड भट्टीपाशी नुसता बसून राहिला. गाडी आली त्या सकाळी तो फाटकापर्यंत गेला. "कुणाच्याही हातचं थेंबबिंब डोळ्यात घालून घेऊ नकोस," म्हणाला. गाडीत बसलेल्या बायकोऐवजी तो तिच्या शेजारणीकडे बघून बोलत होता.

म्हातारी परत आली ती काळा चष्मा लावून. बघायला अर्धं गाव जमलं. ती खाली उतरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उजव्या डोळ्याने आपल्या घराकडे बघत राहिली. 

"सूनबाई," ती म्हणाली, "तू घर झाडतेस की नुसता झाडू फिरवतेस?"

लोक हसले. हसले तरी कुणी पटलं असं म्हणालं नाही. चार दिवस बरंच दिसतं, मग जातं, असं नेमबाजाने सांगून ठेवलंच होतं.

जेवायला बसल्यावर म्हातारीला नवऱ्याचे हात दिसले. बोटांवर, तळव्यावर, मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याच्या खुणा, जुन्यावर नव्या. लोखंड कुठे आहे ते हा माणूस हाताने शोधत होता. थोडं दिसतं, थोडं दिसतं, असं म्हणत ती इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसली होती. तिने घास खाली ठेवला. तिने नाक ओढलं.

"काय झालं?" लोहाराने विचारलं.

"तिखट लागलं," ती म्हणाली.

आणि मग मुकादम आला. खालचं शिवार संपलं होतं. त्याच्यामागे टोळीची माणसंही होती. "काका, उद्या वरच्या शिवारात विळा घालायचा आहे. एक विळा माझ्यासमोर करून दाखवा. टिकला तर सगळे तुमचे. नाही टिकला तर मी आजच शहराची गाडी पकडतो."

लोहार उठला. भट्टी पेटवली. म्हातारी सवयीने भात्याकडे निघाली तशी सुनेने तिचा दंड धरला.

"धुरात बसायचं नाही, आत्या. डॉक्टरांनी बजावलंय. डोळा जाईल."

"मग भाता?"

"मी ओढते. तुम्ही उंबऱ्यावर बसा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भाता एकीच्या हातात होता आणि रंग दुसरीला कळत होता. मध्ये आख्खं अंगण, आणि अंगणात सगळं गाव.

लोखंड तापलं. पांढरं पडायच्या आधी थांबायचं, एवढं सुनेला पट्टी जळाली त्या दिवशी कळून चुकलं होतं. नारिंगी झालं तसा तिने भाता थांबवला. लोहाराने काढलं, मुलाने घण घातला, पातं लांबलं, वळलं, धारेला आलं. पुन्हा तापवलं, पाण्यात बुडवलं. वाफ झाली. लोहाराने पातं विटेवर घासून चकचकीत केलं आणि निखाऱ्यांवर धरलं. सून हलकेच दांडी ओढू लागली.  पात्यावर काहीतरी चढत होतं, पिवळं, मग गडद. पण नेमकं कधी? तिला मोतीबिंदू ओळखता येत होता, हे येत नव्हतं.

उंबऱ्यावर म्हातारीने चष्मा वर केला. तिला तिथूनही स्वच्छ दिसत होतं. तपकिरी सरत होता. जांभळा येत होता. लोहार मान कलती करून भात्याकडे कान लावून उभा होता, आणि भाता कुरकुरतच होता. आत्ता गप्प राहावं तर पातं वाया जाणार, पात्याबरोबर भट्टी जाणार. बोलावं तर मूठ उघडणार.

जांभळ्याच्या कडेला निळा धागा दिसला.

"आता," म्हातारी म्हणाली.

लोहार दचकला. पण हात थांबला नाही. पातं पाण्यात गेलं.

 मुकादमाने म्हातारीकडे बघितलं, मग लोहाराकडे. "काकू सांगतात होय?" त्याने हळूच विचारलं. आवाजात संशय होताच.

लोहाराने पातं पाण्यातून काढलं आणि आवाजाच्या दिशेने पुढे केलं. "आधी हे बघ."

मुकादमाने पातं दगडाच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा, मग जोर लावून. त्याने धारेवरून बोट फिरवलं. खाच नव्हती. टोक फटीत घालून दाबलं, ते वाकलं आणि सुटल्यावर सरळ झालं. त्याने ते मागच्या माणसाकडे दिलं.

"हो, तीच सांगते," लोहार म्हणाला. "आजच नाही, कित्येक वर्षं तीच सांगते. मला दिसत नाही."

मुलाच्या हातातला घण जमिनीला टेकला. त्याने आईकडे बघितलं, मग भात्यावर बसलेल्या बायकोकडे, आणि त्याला नजर वर ठेवता येईना.

"सूनबाई," लोहार म्हणाला, "ती बॅटरी आण."

"आत चला ना, मामा."

"इथेच. सगळ्यांदेखत. बघू दे त्यांना, तू काय करतेस ते."

तो ऐरणीच्या ओंडक्यावर बसला. सुनेने बॅटरी आणली. एवढ्या जवळून तिने त्याचा चेहरा कधी बघितला नव्हता. काजळी बसलेल्या सुरकुत्या, अर्धवट जळालेल्या भुवया. तिने अंगठ्याने पापणी वर केली आणि प्रकाश टाकला. उजवा बघितला. डावा बघितला. पुन्हा डावा बघितला. माणसं पुढे सरकली होती. नेमबाज उठून अगदी जवळ येऊन उभा राहिला होता.

"काय आहे?" लोहाराने विचारलं.

"उजव्यात मोतीबिंदू आहे. तो काढला की बऱ्यापैकी दिसायला हवं."

"आणि डाव्यात?"

सुनेने बॅटरी विझवली. आत्ता हो म्हणालं असतं तर सगळं सोपं होतं. अर्धं गाव ऐकत होतं, आणि पुढची गाडी भरून गेली असती.

"डाव्याची बाहुली प्रकाशाला हलत नाही, मामा. आतलंच काही गेलं असेल. डॉक्टर तपासतील, पण तो परत येईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

मागे कुणीतरी कुजबुजलं. लोहार गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. भाजलेली बोटं त्याने एकदा मिटली, उघडली.

"माझं नाव पुढच्या गाडीत घाल," तो म्हणाला. "नाही सांगू शकत म्हणालीस, म्हणून येतो."

नेमबाज अजून तिथेच उभा होता. त्याचा चांगला डोळा सुनेच्या तोंडावर खिळलेला. ती त्याच्याकडून टोमण्याची वाट बघत होती, रोजच्यासारखी.

"मला तेव्हा असं कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, होईल बरा."

एवढं बोलून तो आपल्या सावलीच्या जागेकडे वळला, पण बसला नाही. मुलगा पुढे झाला आणि बायकोच्या जागी स्वतः भात्यावर बसला. लोहार ओंडक्यावरून उठला आणि पुढच्या विळ्याची पट्टी चाचपू लागला. उंबऱ्यावरून म्हातारीने चष्मा वर केला.

"अहो, पट्टी डाव्या हाताला आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चाचपू नका. मी सांगते."